चारशे ठसे आणि एक न विचारलेला प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात जेमी मॅकार्टनी नावाचा शिल्पकार काम करतो. त्याने २०११ मध्ये पूर्ण केलेली एक कलाकृती नऊ मीटर लांब आहे. दहा चौकटी, प्रत्येक चौकटीत चाळीस पांढरे प्लास्टरचे ठसे, असे एकूण चारशे. लांबून पाहिले तर एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवरची नक्षी वाटावी. जवळ गेल्यावर कळते, की प्रत्येक ठसा एकेका जिवंत व्यक्तीच्या जननांगाचा आहे. वय अठरापासून शहात्तरपर्यंत. त्यांत माय-लेकी आहेत, जुळ्या बहिणी आहेत, बाळंतपणाआधी आणि नंतर ठसा दिलेली स्त्री आहे, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दिलेलीही आहे. लिंगपरिवर्तन केलेल्या व्यक्ती आहेत. चेहरा एकाचाही नाही, नाव एकाचेही नाही. आणि चारशेंपैकी कोणतेही दोन सारखे नाहीत.

अशा कलाकृतीची बातमी आली, की आपल्याकडे आणि तिकडेही एकच वाद रंगतो: ही कला की अश्लीलता? त्या वादात पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यापेक्षा वेगळ्या गोष्टीचा माग काढायचा आहे. ही भिंत एका प्रश्नाचे उत्तर म्हणून उभी राहिली. तो प्रश्न स्त्रिया मैत्रिणीला विचारत नाहीत, आईला विचारत नाहीत, नवऱ्याला तर नाहीच. डॉक्टरला विचारला तरी दाराच्या कडीवर हात ठेवून, निघता निघता. ‘माझे नीट आहे ना?’ एवढाच तो प्रश्न. गेल्या पन्नास वर्षांत काही कलावंतांनी त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. कोणाचे उत्तर कुठवर पोचले आणि कुठे थांबले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

आधी शब्दांचे पाहू

या विषयावर मराठीत लिहायला बसले, की पहिली अडचण शब्दांची येते. एकीकडे शिव्या आहेत, दुसरीकडे वैद्यकातले संस्कृत शब्द. मधल्या जागेत बायकांची बोली आहे, पण ती बोट दाखवते, नाव घेत नाही. ‘खाली’, ‘तिथे’, ‘जागेवर’. ‘अंगावरून जाते’, ‘अंग बाहेर येते’ असे आपल्या आज्या म्हणत आल्या. अख्ख्या देहाचा शब्द एका अवयवाला देऊन त्या अवयवाचे स्वतःचे नाव टाळण्याची ही युक्ती आहे.

‘योनी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण शरीरशास्त्रात योनी म्हणजे आतला मार्ग. बाहेरून जे दिसते त्याला वैद्यकीय परिभाषेत ‘भग’ म्हणतात आणि त्याच्या बाहेरच्या व आतल्या पाळ्यांना ‘भगोष्ठ’. इंग्रजीतही हाच घोटाळा आहे. मॅकार्टनीने आपल्या कलाकृतीचे नाव चीनच्या भिंतीवर कोटी करून ‘द ग्रेट वॉल ऑफ व्हजायना’ असे ठेवले. म्हणजे योनीची भिंत. प्रत्यक्षात भिंतीवर योनी कुठेच नाही, सगळे भग आहेत. त्यावर आक्षेप आले आणि पुढे त्या नावात ‘व्हल्वा’ हा अचूक शब्द आला. संस्कृतातला ‘भग’ हा शब्द भाग्य, ऐश्वर्य, सौंदर्य असेही अर्थ वाहतो. सुभगा आणि भगवती त्यातूनच आल्या. या लेखात बाहेरच्या अवयवाला मी भगच म्हणणार आहे.

शरीराच्या अवयवांना सरळ नावाने हाक मारण्याची किंमत मराठीने पूर्वी मोजली आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला. कर्व्यांचा गुन्हा एवढाच, की वाचकांनी खासगी पत्रातून विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी छापील आणि उघड उत्तरे दिली.

न दिसणारा अवयव

या चिंतेचे मूळ शरीराच्या रचनेतच आहे. पुरुषाचा अवयव त्याला स्वतःला दिसतो, आणि नदीवर, तालमीत, मुतारीत इतरांचाही ओझरता दिसतो. स्त्रीला स्वतःचा अवयव आरशाशिवाय दिसत नाही आणि दुसरीचा तर जवळजवळ कधीच नाही. सुईण, परिचारिका किंवा डॉक्टर झाली तर गोष्ट वेगळी. बाकीच्या जणी आयुष्यभर तुलनेशिवाय जगतात. तुलना नसली म्हणजे चिंता नसते असे मात्र होत नाही. तुलनेसाठी जे एखाददुसरे चित्र हाती लागते, तेच मोजमाप होऊन बसते.

युरोपच्या कलेने दिलेले चित्र कोणते? संगमरवरातल्या ग्रीक आणि रोमन देवतांची मांडी, पोट, नाभी बारकाईने घडवलेली असते आणि दोन्ही मांड्यांमध्ये नुसती गुळगुळीत जागा असते. पुरुषदेवतांच्या बाबतीत शिल्पकारांनी असा संकोच केलेला नाही. पुढे कित्येक शतके चित्रकार तोच गुळगुळीतपणा गिरवत राहिले. गुस्ताव्ह कूर्बेने १८६६ मध्ये ‘जगाचा उगम’ या चित्रात तो मोडला, पण ते चित्र खलील बे या तुर्की मुत्सद्द्याच्या खासगी संग्रहासाठी काढलेले होते. पुढे ते एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. मनोविश्लेषक झाक लाकां हा शेवटच्या मालकांपैकी एक. सर्वसामान्यांना ते कायमचे पाहायला मिळाले १९९५ मध्ये, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे स्त्रीदेहाचे हे चित्र बहुतेक पुरुषांनीच पाहिले.

वैद्यकाची कथा फार वेगळी नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ गेओर्ग लुडविग कोबेल्टने १८४४ मध्ये शिश्निकेची रचना तपशीलवार रेखाटली होती. पण ज्ञान मिळाले म्हणजे टिकते असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ‘ग्रेज ॲनाटमी’च्या अमेरिकी आवृत्तीतल्या आकृतीवरून शिश्निकेचे नावच गळाले. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या मूत्ररोगशल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये शवविच्छेदनावर आधारलेला निबंध लिहून दाखवून दिले, की पाठ्यपुस्तके या अवयवाचा आकारच चुकीचा सांगत आली आहेत. शिवाय पुस्तक कोणतेही असो, आकृती एकच. एक आकृती म्हणजे एक नमुना. आपण त्या नमुन्यासारख्या नसलो, तर चुकलेल्या आपण.

आरसा, रंगपेटी आणि ताटे

या एकाच नमुन्याला पहिला धक्का कलावंतांनी दिला नाही. तो स्त्रियांच्या आरोग्यगटांनी दिला. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात जमलेल्या बायकांसमोर कॅरल डाउनर यांनी साधा आरसा आणि योनीदर्शक घेऊन स्वतःची तपासणी स्वतः कशी करायची ते दाखवले. तिथून अमेरिकेत स्वयंतपासणीचे गट निघाले. बायका एका खोलीत बसून आपापले शरीर पाहू लागल्या आणि एकमेकींचेही. तुलना पहिल्यांदा खरी झाली.

याच वातावरणातून कलेच्या दोन वाटा फुटल्या. एक वाट हुबेहूब प्रतिकृतीची, दुसरी प्रतीकाची.

पहिल्या वाटेवर टी कोरीन ही चित्रकार दिसते. तिने १९७५ मध्ये रंगवायच्या चित्रांचे पुस्तक काढले. लहान मुलांसाठी असते तसेच, फक्त त्यातली रेखाटने वेगवेगळ्या खऱ्या स्त्रियांच्या भगांची होती. लहानपणी आपण हत्ती, घर, सूर्य रंगवत जग ओळखायला शिकतो. तसेच हेही शिकता येईल, असा तिचा विचार होता. पुस्तकाच्या नावात तिने मुद्दाम शिवीचाच शब्द वापरला. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: रेखाटन तिचे, पण रंग भरणार वाचणारी. रंगाचा हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

दुसऱ्या वाटेवरचे सगळ्यात गाजलेले काम जूडी शिकागो यांचे. ‘द डिनर पार्टी’ या त्यांच्या कलाकृतीवर १९७४ ते १९७९ अशी पाच वर्षे शेकडो सहकाऱ्यांनी काम केले. भलेमोठे त्रिकोणी टेबल, प्रत्येक बाजूला तेरा पाने वाढलेली, अशी एकोणचाळीस. प्रत्येक पान इतिहासातल्या किंवा पुराणातल्या एका स्त्रीचे. चिनी मातीच्या ताटांवर फुलपाखरे आणि फुले, आणि त्या फुलांच्या पाकळ्यांत भगाचा आकार. खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावे. पंगत बायकांची, आणि वाढणाऱ्या म्हणून नाही, पानावर बसणाऱ्या म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोत १९७९ मध्ये ती पहिल्यांदा मांडली तेव्हा बघ्यांची रीघ लागली. नंतर मात्र तिला कायमची जागा द्यायला बराच काळ कोणी तयार होईना. १९९० मध्ये अमेरिकी संसदेत तिच्यावर अश्लीलतेची टीका झाली. अखेर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात ती कायमची स्थिरावली.

‘डिनर पार्टी’चे मोल मोठे आहे. ज्याची लाज वाटायची तो आकार तिने मानाच्या पानावर आणला. पण आपल्या मूळ प्रश्नाच्या कसोटीवर ती काय सांगते? ताटावरचे फुलपाखरू देखणे आहे, दोन्ही पंख सारखे, कडा रेखीव. ते पाहून अभिमान वाटेल, पण ‘माझे नीट आहे ना’ याचे उत्तर मिळणार नाही. उलट ज्या स्त्रीच्या पाळ्या लहानमोठ्या आहेत, तिला फुलपाखराची सममितीसुद्धा आणखी एक नमुना वाटू शकेल.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. एकोणचाळीस पानांत कृष्णवर्णीय स्त्री एकच, सोजर्नर ट्रूथ. गुलामीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलत फिरलेली ही बाई. तिच्या ताटावर भगाचा आकार नाही, तीन चेहरे आहेत. लेखिका ॲलिस वॉकर यांनी यावर बोट ठेवले. गोऱ्या स्त्रियांना काळ्या स्त्रीच्या भगाची कल्पनाही करवत नाही का, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. लाज मोडायला निघालेली कलासुद्धा एका जागी लाजली, ती नेमकी कातडीच्या रंगाशी.

आपली लज्जागौरी

इथे जाणता मराठी वाचक म्हणेल, की हे सगळे आपल्याला नवे काय? आपल्याकडे लज्जागौरी आहे. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ १९७८ मध्ये आला आणि मराठी अभ्यासकांची एक पिढी त्यावर वाढली. मीही त्यांतलीच. तेर आणि भोकरदन इथे सापडलेल्या छोट्या मूर्ती, बदामीच्या संग्रहालयातली नागनाथकोल्ल्याची सुरेख मूर्ती: पाय फाकून दुमडलेले, भग उघडे, भरदार स्तन, आणि डोक्याच्या जागी कमळ. मातृदेवतेच्या या रूपात संकोचाचा लवलेश नाही. लाज तिला नंतरच्या लोकांनी नावातून चिकटवली. भक्त अचानक समोर आला म्हणून देवीने लाजून मस्तक लपवले, अशी लोककथाही सांगतात.

पण लज्जागौरी हे आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे का? नागार्जुनकोंड्याच्या मूर्तीवर इक्ष्वाकू घराण्यातल्या एका राणीचा लेख आहे. ती स्वतःला अविधवा आणि जीवपुत्रा म्हणवते: नवरा जिवंत असलेली, मुले जगलेली. मूर्ती घडवण्यामागची आस त्या दोन शब्दांत स्पष्ट होते. लज्जागौरी पोटाची, पिकाची, वंशाची देवता आहे. तिच्यापुढे नवस बोलणारी स्त्री मूल मागत होती. आपला अवयव इतरांसारखा आहे का, हा प्रश्न घेऊन ती आली नव्हती. देवीचे भग हे सगळ्यांचे मिळून एक भग आहे, म्हणून ते कोणा एकीचे नाही. ‘आपल्या संस्कृतीत याची लाज नव्हतीच’ असे म्हणून लज्जागौरीकडे बोट दाखवणे सोपे आहे. त्याने गाभाऱ्यातल्या देवीचा गौरव होतो. बाहेर रांगेत उभी असलेली बाई जिथे होती तिथेच राहते.

मोजपट्टी

विसावे शतक संपता संपता या चिंतेला बाजार मिळाला. केस काढण्याची पद्धत रुळली, त्यामुळे जे झाकलेले होते ते दिसू लागले. इंटरनेटमुळे कामुक चित्रे घरोघर पोचली आणि त्यांत पुन्हा एकच साचा दिसू लागला, लहान मुलीसारखा, आतल्या पाळ्या बाहेर न दिसणारा. ऑस्ट्रेलियात तर याला सरकारी नियमाचाच हातभार लागला. उघड विक्रीच्या मासिकांत जननांगाचा तपशील मर्यादेतच दिसावा, असा तिथल्या वर्गीकरणाचा नियम. त्यामुळे संपादक फोटोतल्या आतल्या पाळ्या संगणकावर पुसून टाकत. नियम केला सभ्यतेसाठी. त्यातून निघाली अस्तित्वातच नसलेली स्त्री. आणि खऱ्या स्त्रिया तिच्यासारखे होण्यासाठी शल्यविशारदाकडे जाऊ लागल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१० या एका वर्षात लघुभगोष्ठ कापून लहान करण्याच्या दोन हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. दहा वर्षांतली ही वाढ सुमारे पाचपट होती. खासगी रुग्णालयांतल्या वेगळ्याच.

मग प्रश्न पडला: ‘मोठे’ म्हणजे किती? नवल असे, की या प्रश्नाला वैद्यकाकडे नीट उत्तर नव्हते. लंडनमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने २००५ मध्ये पन्नास स्त्रियांची मापे प्रसिद्ध केली. दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रियेला आलेल्या या स्त्रिया होत्या, रजोनिवृत्ती न झालेल्या. लघुभगोष्ठांची रुंदी सात मिलिमीटरपासून पन्नास मिलिमीटरपर्यंत भरली आणि लांबी वीसपासून शंभरपर्यंत. सातपट फरक, आणि तोही फक्त पन्नास जणींत. पन्नासपैकी एक्केचाळीस जणींच्या भगाचा रंग भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद होता. म्हणजे गडद असणे हाच बहुसंख्यांचा नियम.

एवढे कळल्यावर चिंता मिटायला हवी होती. पण लंडनमध्येच पुढे पाळ्या लहान करून मागायला आलेल्या तेहतीस जणींची मापे घेतली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळ्या जणी नेहमीच्या मर्यादेतच निघाल्या. तसे त्यांना सांगितले गेले, तरी त्यांतल्या बऱ्याच जणी दुसरीकडून शस्त्रक्रिया करून घेण्याच्या विचारातच राहिल्या. आकडा खरा होता, डॉक्टर खरे होते, पण डोळ्यांपुढे चित्र तेच होते. डोळ्यांतून मनात शिरलेली गोष्ट नुसती ऐकून कशी निघणार?

भिंत काय करते

मॅकार्टनीची भिंत पूर्ण झाली तीही २०११ मध्येच. आता ती पुन्हा पाहिली, तर तिचे वेगळेपण लक्षात येते. ती कोरीनच्या वाटेवरची आहे, प्रतिकृतीची. दातांचे डॉक्टर वापरतात तसल्या, लगेच घट्ट होणाऱ्या लगद्याने शरीराचा साचा घ्यायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचे. शिल्पकाराच्या हाताला इथे सुशोभित करायला वाव नाही. सुरकुती असेल तिथे सुरकुती उमटते.

दुसरे वेगळेपण संख्येचे. एकच ठसा असता, तर कूर्बेच्या चित्रासारखे झाले असते. दहा असते, तर आपण त्यांत देखणा कोणता ते निवडत बसलो असतो. चारशेंपुढे निवड थकते. चौथ्या चौकटीपर्यंत ‘कोणते बरोबर’ हा प्रश्नच विरून जातो. लंडनच्या डॉक्टरांनी पट्टीने जे दाखवले, तेच भिंत डोळ्यांना दाखवते. पांढऱ्या रंगामुळे आणि रांगांच्या शिस्तीमुळे कामुकताही आपोआप गळते.

पाहण्याने खरेच फरक पडतो का, याचे थोडे प्रयोग झाले आहेत. ऑस्ट्रेलियात क्लेअर मोरान आणि क्रिस्टिना ली यांनी अठरा ते तीस वयाच्या ९७ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये छापला. ज्यांना आधी शस्त्रक्रियेने बदललेल्या भगांची चित्रे दाखवली, त्यांना नंतर तीच अधिक ‘नॉर्मल’ वाटली. नैसर्गिक चित्रे आधी पाहिलेल्यांना तशी वाटली नाहीत. नेदरलँड्समध्ये एलन लान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या छोट्या प्रयोगात नैसर्गिक वैविध्याची चित्रे पाहिलेल्या तरुणींचे स्वतःच्या अवयवाविषयीचे मत सुधारलेले दिसले. प्रयोग लहान आहेत. त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण डोळ्यांतून आलेला विकल्प डोळ्यांतूनच जाऊ शकतो, एवढा आधार त्यांनी दिला.

आक्षेपही आहेत आणि ते टाळता येणार नाहीत. स्त्रियांना स्वतःच्या शरीराविषयी धीर देणारा हा हात एका पुरुषाचा आहे. पाहणारा पुरुष, पाहिली जाणारी स्त्री, ही जुनी मांडणी इथेही आहेच. पण ठसे देणाऱ्या कूर्बेच्या मॉडेलसारख्या एका गिऱ्हाइकाच्या हौसेसाठी आलेल्या नव्हत्या. त्या आपणहून, इतरांना दिसावे म्हणून आल्या. हा फरक लहान नाही.

जपानमधला खटला

हेच काम एखाद्या स्त्रीने स्वतःच्या शरीरावर केले तर काय होते, हे जपानने दाखवले. मेगुमी इगाराशी ही ‘रोकुदेनाशिको’, म्हणजे ‘बिनकामाची पोरगी’, या नावाने काम करणारी चित्रकथाकार. जपानच्या दंडसंहितेतल्या १७५ व्या कलमामुळे तिथल्या छापील आणि चलत्चित्रांत जननांग पुसट केलेले असते. इतरांचे कधी पाहिलेच नाही, म्हणून आपलेच विचित्र आहे असे आपल्याला वाटत राहिले, असे तिने उघडपणे सांगितले आहे. तिने शस्त्रक्रिया करून घेतली, तिच्यावर चित्रकथा लिहिली आणि मग स्वतःच्या भगाचे ठसे घेऊन ते खेळण्यांसारखे सजवू लागली. भीतीची वस्तू हसण्याची करायची, ही तिची रीत. पुढे लोकवर्गणी काढून तिने त्याच आकाराची एक नाव बनवली आणि वर्गणीदारांना त्याचा त्रिमितीय आराखडा संगणकीय रूपात पाठवला.

जुलै २०१४ मध्ये तिला अटक झाली, डिसेंबरात पुन्हा. तोक्योच्या न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला: सजवलेले ठसे मांडले म्हणून गुन्हा नाही, पण आराखडा वाटला म्हणून चार लाख येन दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो कायम ठेवला. तोक्योच्या शेजारच्या कावासाकी शहरात दर वसंतात एका देवस्थानातून भलीमोठी शिश्ने पालखीत घालून मिरवतात. मुले, म्हातारे, परदेशी पाहुणे सगळे जमतात. त्या जत्रेवर कोणी खटला भरत नाही.

या निकालातला बारकावा पाहण्यासारखा आहे. सजवलेला, रंगीत, गमतीदार ठसा चालला. साधा, जसा आहे तसा आराखडा चालला नाही. प्रतीक माफ, प्रतिकृती गुन्हा.

राहिलेला रंग

आता त्या पांढऱ्या भिंतीकडे शेवटचे पाहू. आकाराचे वैविध्य तिने दाखवले तसे आजवर क्वचितच कोणी दाखवले असेल. पण चारशेही ठसे पांढरे. ठसे देणारी गोरी की काळी, प्लास्टरला कळत नाही. आणि रंग ही चिंता काही लहान नाही. भारतात तर आकारापेक्षाही मोठी असावी. २०१२ मध्ये आपल्या टीव्हीवर एका द्रावणाची जाहिरात आली होती. नवरा वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलेला, बायको उदास. मग ती ‘तिथला’ रंग उजळवणारे द्रावण वापरते आणि नवऱ्याचे लक्ष वळते. जाहिरातीवर पुष्कळ टीका झाली. पण ती सुचली, पास झाली आणि दाखवली गेली, यातच आपल्या समाजाची परीक्षा आहे. चेहऱ्याच्या गोरेपणाचे वेड पदराखाली शिरायला वेळ लागला नाही. पन्नासांतल्या एक्केचाळीस जणींचा रंग गडद भरला, हा लंडनचा आकडा त्या जाहिरातीखाली छापायला हवा होता.

सोजर्नर ट्रूथच्या ताटावर जे राहून गेले, तेच वेगळ्या कारणाने या भिंतीवरही राहून गेले. ती उणीव भरायला पुढचे कलावंत आले. हिल्डे अटलांटा यांनी २०१६ पासून ‘व्हल्वा गॅलरी’ या नावाने जलरंगातली भगचित्रे काढायला सुरुवात केली. त्यांत गुलाबी आहे, तपकिरी आहे, जांभळट आहे, काळे आहे, आणि चित्रांसोबत माणसांनी स्वतः सांगितलेल्या हकिकती आहेत. टी कोरीनने रंगपेटी वाचणारीच्या हाती दिली होती. इथे चित्रकाराने ती स्वतः उघडली.

या सगळ्यात मराठी कुठे आहे? मराठीने बोलण्याचे काम केले आहे. ईव्ह एन्स्लर यांच्या नाटकाचे वंदना खरे यांनी केलेले ‘योनीच्या मनीच्या गुजगोष्टी’ हे रूपांतर २००९ मध्ये रंगभूमीवर आले. मराठी बायका नाट्यगृहात बसून हा शब्द मोठ्याने ऐकू लागल्या, हसू लागल्या, हे लहान पाऊल नव्हते. पण ते कानांचे काम होते. डोळ्यांचे काम अजून व्हायचे आहे, आणि त्यासाठी नऊ मीटरची भिंत लागत नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्त्रीच्या प्रजननसंस्थेची आकृती असते. अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, योनी. मुली ती पाठ करतात, नावे देतात, गुण मिळवतात. त्या आकृतीतला कोणताही भाग त्यांना आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नाही. जे आरशात दिसेल, त्याची आकृती नाही. आरोग्याच्या एखाद्या साध्या मराठी पुस्तकात एक पान असावे आणि त्यावर एक नव्हे, दहा-बारा चित्रे असावीत: लहान, मोठी, डावी-उजवी असमान, फिकट, गडद. खाली एकच ओळ पुरेल, की ही सगळी निरोगी आहेत. दाराच्या कडीवर हात ठेवून विचारला जाणारा प्रश्न मग बऱ्याच जणींना विचारावाच लागणार नाही.